तांब्यावरचं कुंकू

विश्रामबाग, सांगली
५ नोव्हेंबर २०२४

दादा,

'तीर्थस्वरूप' आणि 'शिरसाष्टांग' मुद्दाम लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नकोस. व्हॉट्सॲपवर तुला ब्लॉक केलंय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं म्हणणं अर्ध्यात राहतं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. लहानपणापासून मला हीच एक सोय हवी होती.

तू माझ्या चित्राला हात लावलास.

नाही म्हणू नकोस. परवा भाऊबीजेला आलास, अपूर्वा गाडी चालवत घेऊन आली. मी पुऱ्या तळत होते, तुझी ही लेक माझ्याजवळ उभी राहून लाटत होती. तेवढा वेळ तू बाहेरच्या खोलीत एकटा होतास, आणि खिडकीजवळ ईझलवर माझं चित्र होतं. ओलं. तेलरंग आठवडा आठवडा वाळत नाहीत, हे मला तूच वाईला शिकवलंस. नंतर मी तुला ओवाळलं. नोव्हेंबरात कसली थंडी वाजत होती देव जाणे, शाल अंगावरून काढली नाहीस. तुला आवडते म्हणून सकाळपासून दूध आटवत बसले होते, तर बासुंदीच्या वाटीला शिवलासुद्धा नाहीस. डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणालास. दोन पुऱ्या कशाबशा खाल्ल्यास आणि अंधार पडायच्या आत वाई गाठायची म्हणून उठलास.

तुम्ही गेल्यावर ब्रशच्या बरणीकडे लक्ष गेलं. माझा मोठा चपटा ब्रश तांबूस-पांढरट रंगात लडबडलेला, तसाच उभा. मी माझे सगळे ब्रश वसुबारसेलाच साबणानं धुऊन ठेवले होते. वर्गात ब्रश न धुतलेल्या पोरांना तू काय काय बोलतोस ते मी ऐकलंय. म्हणजे गुन्हा केलास तोही माझ्याच हत्यारानं, आणि हत्यार धुवायचेही कष्ट घेतले नाहीस.

मग चित्राकडे बघितलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

तांब्यावरचं कुंकू गेलेलं. हळदीचं बोट गेलेलं. त्यांच्या जागी एक लांबलचक पांढरट उजेड, वरून खालपर्यंत ओढलेला. जाहिरातीतल्या भांड्यांवर असतो तसा.

ते कुंकू तिथं का होतं, हे तू विचारलंस? तुला विचारायची सवय कधी होती म्हणा. आता ऐक. वसुबारसेला दुपारी मी खिडकीत पाट मांडला. त्यावर आईचा तांब्या, शेजारी नारळ, पुढं दोन सीताफळं. तू सांगितलंस तसा मोठा ब्रश, छोटा कॅनव्हास, आधी काळोख, मग मधले रंग, उजेड सगळ्यात शेवटी. निम्मं चित्र झालं होतं. पुसायला फडकं सापडेना म्हणून आत गेले आणि बाहेर येते तो आमची बनुबाई पाटासमोर बसलेली. बनुबाई म्हणजे माझ्याकडे पोळ्या करते ती. तिनं तांब्याला हळद लावली होती, कुंकू लावलं होतं, हात जोडले होते, आणि नारळ उचलून तांब्यावर ठेवायच्या बेतात होती. मी किंचाळले. तशी म्हणाली, "आवं ताई, कलश असा उघडाबोडका ठिवत्यात व्हय? सणाचा दीस हाय. तुमी इसरलासा म्हनून मी लावलं."

मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. नारळ जागेवर ठेवून घेतला. पण कुंकू पुसायचं म्हणजे तांब्या उचलायला हवा, आणि उचलला की तो पुन्हा त्याच जागी बसत नाही. ऊन उतरायला लागलेलं. तूच वर्गात म्हणाला होतास, "समोर जे आहे तेच. आठवणीतलं नाही, मनातलं नाही. समोरचं." मग मी रागारागानंच ब्रश क्रिमसनमध्ये बुडवला आणि एकदाच टेकवला. हळदीचंही तसंच. आणि काय सांगू, तो निर्जीव तांब्या एकदम कुणाच्या तरी घरातला झाला.

माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरोबर आलं होतं. ते तू भाऊबीजेच्या दिवशी, बहिणीच्या घरात बसून पुसलंस. ओवाळणीत लोक साडी घालतात.

उत्तर दे. आणि सरळ दे.

अनसूया


विश्रामबाग, सांगली
१४ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र मिळालं. तुझं कसलं, अपूर्वाचं. अक्षर तिचं, खाली सहीच्या जागीसुद्धा तिनंच 'गंगाधर' लिहिलेलं. बहिणीला चार ओळी लिहायलाही आता लेखनिक ठेवलास का? तुझं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, शाळेचे सुविचार फळ्यावर तूच लिहायचास. ते मोती आता माझ्यासाठी सांडायचे नाहीत, असंच ना?

आणि मजकूर तर त्याच्या वरताण. "तांब्याला कुंकू लावलं की ते वस्तुचित्र राहत नाही, कॅलेंडर होतं. एक उजेड दिला, चित्र वाचलं. राग सोड." संपलं पत्र. माफीचा शब्द नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

कॅलेंडर! किराणा दुकानात भिंतीवर लागतं ते, असं म्हणायचंय तुला. अरे, कलश मांडून, आंब्याची पानं खोवून, मागं तेजोवलय काढलं असतं तर म्हणाला असतास ते ऐकून घेतलं असतं. पण माझ्यासमोर एक तांब्या होता आणि एका बाईनं त्याला बोट लावलं होतं. त्या बोटाचा ठसासुद्धा नीट गोल आला नव्हता, एका बाजूला ओघळला होता. मी तो ओघळलेलाच रंगवला. कॅलेंडरवाले ओघळ काढत नाहीत.

आणि तू काय केलंस? ज्या दिवशी तू ब्रश उचललास त्या दिवशी खिडकीत पाट नव्हता, तांब्या नव्हता. तांब्या फराळाच्या गडबडीत स्वयंपाकघरात पाणी भरून ठेवलेला होता. तू समोर काही नसताना रंगवलंस. तुझाच नियम तू माझ्या चित्रावर मोडलास. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आता वाईच्या वर्गाचं काढतेच, कारण ते पोटात राहिलंय. दसऱ्याच्या आधी तू पाटी लावलीस, 'एका बैठकीत तैलचित्र'. मी भावाकडे फुकट शिकायला आले नव्हते, सगळ्यांसारखी नाव नोंदवून आले होते आणि मागच्या रांगेत बसले होते. तू आलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ही माझी धाकटी बहीण. पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. हात स्वच्छ आहे तिचा. डोळा मात्र दुसऱ्याचा."

पोरं हसली. मीही हसले, काय करणार.

हो, होते मी ट्रेसर. इंजिनिअरांनी काढलेल्या नकाशावर मेणकापड पसरायचं आणि त्यांच्या रेघेवरून रेघ ओढायची. कालवे त्यांचे, दरवाजे त्यांचे, खाली सही त्यांची. जन्मभर दुसऱ्याच्या रेघेवरून हात फिरवला, म्हणून तर वयाची साठी उलटल्यावर वाटलं की एकदा तरी रेघ आपली असावी. एवढंच हवं होतं मला. प्रदर्शन नको, नाव नको. एक वीतभर कॅनव्हास, ज्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. तेही तुला बघवलं नाही.

आणि तुझी शिकवायची पद्धत तरी काय ती! गुरुजी खुर्चीत बसणार, हातात वेताची काठी, काठीनं दाखवणार, "इथं गडद, इथं फिकट." ब्रश हातात म्हणून घेतला नाहीस दिवसभर. प्रात्यक्षिक अपूर्वाला करायला लावलंस. माझ्या शेजारी कराडची एक मुलगी बसली होती, ती कुजबुजली, "सर स्वतः काढून दाखवत नाहीत का?" मी म्हटलं, सर आता मोठे झाले, उंटावरून शेळ्या हाकतात. चुकलं का माझं?

तर आता एकच मागणं आहे. स्वतःच्या हातानं एक कागद घे आणि लिही: "अनू, मी तुझं चित्र बिघडवलं." अपूर्वाच्या अक्षरात आलं तर पाकीट न फोडता परत पाठवीन.

अनसूया


विश्रामबाग, सांगली
२ डिसेंबर २०२४

दादा,

कागद आला नाही. येणार नाही हे माहीतच होतं. तुझा निरोप अपूर्वानं फोनवर दिला, "बाबा म्हणतायत, आत्याला सांग, मोठी हो." मी मोठीच आहे. गुडघे रोज सकाळी सांगतात.

आज लिहिते आहे ते वेगळ्याच कारणानं. इथं कॉलेजजवळच्या सभागृहात आमच्या भागातल्या बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतंय. ते भरवणारी प्रियदर्शनी म्हणून मुलगी आहे, उत्साही, सगळ्यांना काकू म्हणते. दिवाळीआधी मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते की माझं एक चित्र घे. ते न्यायला ती काल आली. मी म्हटलं, नको, ते बिघडलंय. ती ऐकेना. चित्रासमोर उभी राहिली आणि सांगू कशावर बोट ठेवलं तिनं? तांब्यावरच्या उजेडावर! "काकू, हा उजेड बघा ना, कसा थरथरतोय! पाणी हलल्यासारखा. हे तुम्हाला पहिल्याच चित्रात जमलं?"

सीताफळांचा एकेक डोळा मी जीव ओतून बसवला होता. नारळाच्या शेंड्या. पाटाची झिजलेली कड. त्याबद्दल म्हणाली, "बाकीचंही छान." बाकीचंही!

तुला आपल्या वाईच्या शाळेची रांगोळी आठवते? तुला आठवणार नाही, ज्यानं काठी मारली त्याला वळ आठवत नाहीत. गॅदरिंगला रांगोळीची स्पर्धा होती. मी सकाळपासून बसून मोर काढला. माझा मोर जरा जाडा झाला होता, पण माझा होता. मी घरी जेवायला गेले, आणि परत येऊन बघते तो मोराची मान बारीक, पिसारा भरलेला, डोळा असा की आता बोलेल. तू तिथंच हात झटकत उभा. मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तो डबा मी घरी आणून आईच्या पुढ्यात आपटला. आई म्हणाली, "अगं, भाऊ आहे, कौतुकानं केलं त्यानं." त्या डब्यात पुढं कित्येक वर्षं आपल्या घरी मोहरी होती. फोडणीला बसलं की माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं आणि कुणाला कळायचं नाही का ते.

काल प्रियदर्शनीनं तसाच डबा माझ्या हातात दिला बघ.

मी तिला चित्र दिलं नाही. कौतुक तुझं आणि खाली नाव माझं, हे आता या वयात मी करणार नाही. उद्या सकाळी चांगला उजेड आला की पॅलेट नाइफ घेणार आहे आणि तुझा तो उजेड खरवडून काढणार आहे. माझ्या तांब्याचं काही त्याच्याबरोबर निघालं तर निघू दे. एवढा वेळ थांबले, कारण वाटलं तू लिहिशील.

अनसूया


विश्रामबाग, सांगली
३ डिसेंबर २०२४

दादा,

सुरी घेऊन बसले होते. खरवडलं नाही.

रागाच्या भरात मी त्या उजेडाकडे आजवर नीट बघितलंच नव्हतं. लांबून बघायचे आणि तोंड फिरवायचे. आज खरवडायचं म्हणून जवळ गेले. पूर्वेकडून तिरपं ऊन येत होतं, त्यात रंगाचा उंचवटा दिसतो. माझं जुनं भिंग काढलं, नकाशावरचे आकडे बघायचं.

रेघेतलं तुला काही कळत असेल, पण माझ्याएवढं कळत नाही. माझा जन्म त्यात गेला. घाईनं ओढलेली रेघ शेवटाला निमुळती होते. रागानं ओढलेली सुरुवातीला जाड असते. नवशिक्याची मध्येच थांबते आणि तिथं गाठ येते. तुझी रेघ यांतली कुठलीच नाही. ती वरून खालपर्यंत एका दमात आली आहे, आणि दोन्ही कडांना बारीक दाते आहेत. सगळीकडे सारखे. मुद्दाम काढायला बसलं तरी इतके सारखे येत नाहीत.

आमच्या कचेरीत पोतदार म्हणून होते, त्यांच्या रेघेला असे दाते यायला लागले तेव्हा ते आम्हाला काही बोलले नाहीत. दोन महिने सगळ्यांच्या पेन्सिलींचं शिसं तासून देत राहिले. मग एक दिवस यायचेच बंद झाले.

काठी. शाल. बासुंदीची वाटी. अपूर्वाचं अक्षर.

दादा, तुझा हात कापतो का?

अनू


विश्रामबाग, सांगली
१५ डिसेंबर २०२४

दादा,

उत्तर आलं नाही म्हणून मी अपूर्वाला फोन केला. तिला म्हटलं, तुझ्या बाबांचा हात कापतो हे मला केव्हा सांगणार होतीस? पलीकडे तिनं आधी खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आत्या, तुला कुणी सांगितलं? बाबांनी शपथ घातली होती." आणि रडायला लागली. पोरीला रागावू नकोस. दोन वर्षं ती तुझं खोटं वागवते आहे. वर्गात तुझ्या जागी ब्रश धरते, पत्रं लिहिते, बाहेर जेवायला बोलावलं तर 'बाबांना बाहेरचं चालत नाही' म्हणते. वाईतल्या कुणाला माहीत नाही. सख्ख्या बहिणीला माहीत नाही.

तुला वाटलं असेल, आता अनूचा राग पळाला असेल, आता ती मुळूमुळू रडत येईल. रडले ते माझं मी बघून घेईन. राग गेलेला नाही. आधी एका गोष्टीचा होता, आता दोन गोष्टींचा आहे. माझ्या चित्राला हात लावलास तो राग आहे तिथंच आहे. वर हा दुसरा. मी तुला उंटावरून शेळ्या हाकणारा म्हटलं, लेखनिक ठेवलास म्हटलं, आणि तू ते म्हणू दिलंस. 'अनू, लिहिता येत नाही गं' एवढं सांगितलं असतंस तर काय तुझी सरदारकी जाणार होती? त्यापेक्षा मी तुला गर्विष्ठ समजलेलं तुला परवडलं! इतकी का मी परकी आहे? डॉक्टर काय म्हणतात, औषध काय चालू आहे, सातारला दाखवलंस की इथं मिरजेला दाखवायचं, हे मला कळायला नको? वहिनी असत्या तर त्यांनी मला त्याच दिवशी फोन केला असता.

अपूर्वानं आणखी एक सांगितलं. ते तू तिला सांगू नको म्हणाला असणार, पण तिनं सांगितलं. भाऊबीजेला परत जाताना, आष्ट्याच्या पुढं गाडी गेल्यावर तू आपणहून बोललास. "आज हात ऐकला," म्हणालास. "एक रेघ सरळ आली." आणि मग वाईपर्यंत खिडकीबाहेर बघत गुणगुणत होतास. दोन वर्षांत पहिल्यांदा.

सरळ आली नव्हती, दादा. पण तुला तशी वाटली.

ते ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि चित्रासमोर जाऊन उभी राहिले. मला तुझा इतका राग आला होता, आणि तरी तुझ्या रेघेला मी बोटही लावू शकत नव्हते. तुला कळतंय का तू काय केलंस ते? माझं एकुलतं एक चित्र, त्यात तू तुझी ती रेघ ठेवून गेलास. खरवडावी तर तुझी जाते. ठेवावी तर माझं चित्र जातं. असल्या पेचात बहिणीला टाकून स्वतः गुणगुणत घरी जायचं, हे तुझ्याखेरीज कुणाला सुचेल!

ते चित्र मी प्रदर्शनाला दिलं नाही आणि देणारही नाही. आतल्या खोलीत कपाटावर ठेवलंय. ते तुझंही नाही आणि माझंही नाही, त्याचं काय करायचं ते पुढं बघू. प्रियदर्शनीला सांगितलं, पुढच्या वर्षी देईन, माझं.

आता मी सांगते ते ऐक. हे विचारत नाहीये, सांगते आहे.

येत्या रविवारी, बावीस तारखेला, अपूर्वाबरोबर सकाळी निघायचं आणि जेवायच्या वेळेला इथं पोचायचं. बासुंदी करणार आहे; गोड डॉक्टरांनी नाही, तूच बंद केलंयस, हे अपूर्वाकडून कळलंय. वाटी चमचा नाही, सरळ फुलपात्रातून प्यायची, दोन्ही हातांनी धरून. सांडली तर बनुबाई पुसेल, नाहीतर मी पुसेन. शाल घरी ठेवून यायची.

मग खिडकीत पाट मांडायचा. आईचा तांब्या घासायचा नाही, आहे तसाच ठेवायचा. सीताफळं संपली असतील, पेरू आणते. दोन ईझल लावीन, दोन कॅनव्हास, मोठे ब्रश. ऊन डोक्यावरून उतरलं की बसायचं आणि खिडकीतला उजेड जाईस्तोवर उठायचं नाही. तू तुझ्या कॅनव्हासवर, मी माझ्या. काठी आणलीस तर मोडून बंबात घालीन.

तू म्हणशील, आता मला जमत नाही. जमत नाही ते तुझ्या जुन्या चित्रांसारखं. घाटाचं पाणी, देवळाच्या पायऱ्या, सगळं कसं गुळगुळीत काढायचास, सगळे वा वा म्हणायचे. तसं नाही जमणार. पण प्रियदर्शनीला जे दिसलं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पाणी हलल्यासारखा उजेड, असं ती म्हणाली, आणि तो कापणाऱ्या हाताचा आहे हे तिला माहीत नव्हतं. मी तुला गोड बोलून फसवत नाही. मला तो उजेड आवडलेला नाही, माझ्या तांब्यावर तर मुळीच नाही. तुझ्या तांब्यावर असता तर मी काय म्हटलं असतं, ते मला रविवारी बघायचंय.

माझी भाऊबीजेची ओवाळणी तू घातली नाहीस. साडी नको, पाकीट नको. मला ही बैठक हवी आहे. तू माझ्यासमोर बसून तुझ्या हातानं, आहे त्या हातानं, एक तांब्या रंगव. रेघ वाकडी गेली तर वाकडी जाऊ दे. लावला तो लागला, पुन्हा घोटायचं नाही, असं पोरांना सांगतोस ना? ते तुलाही लागू.

मी मधून चहा करायला आत जाईन. परत येईन तेव्हा तुझ्या मागं उभी राहून बघेन. माझ्या हातात ब्रश असेल, आणि माझा हात अजून चांगला स्वच्छ चालतो, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या चित्राला मी हात लावणार नाही.

ये.

अनू

ता. क. बनुबाईला मी काही बजावलेलं नाही आणि बजावणारही नाही. ती त्या दिवशी सारखी पाटाकडे बघत राहणार आणि आपली पाठ वळली की तांब्याला कुंकू लावणार. लावलं, तर ते तुझ्या चित्रात आलं पाहिजे.